जीपची शेंदरी सोंड

कमलाकर टिपणीसांनी जुनी जीप विकत घेतली तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे शशिकलाबाईंनी, अजिबात आरडाओरडा केला नाही, आणि खरी काळजीची गोष्ट तीच होती. आरडाओरडा करणाऱ्या बायकोचं एक बरं असतं. ती ओरडून मोकळी होते, नवरा ऐकून मोकळा होतो. शशिकलाबाई त्यातल्या नव्हेत. त्यांनी पनवेलच्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून खाली वाकून ती जीप पाहिली, पदराला हात पुसले आणि आत जाऊन चहा टाकला. चहाचा कप नवऱ्याच्या हातात देता देता त्यांनी अट सांगितली.

"दसरा झाला की येणाऱ्या रविवारी मला हिच्यातून डोंगरात घेऊन जायचं. स्वतःच्या चाकांवर परत आली तर राहू दे. दोर लावून ओढत आणायची वेळ आली, तर घरी आणूच नका. परस्पर तळोज्याला भंगारात द्या."

टिपणीसांनी मान डोलावली. दुसरं करणार काय? त्यांच्या मागच्या प्रयोगांचा इतिहास त्यांच्या बाजूने बोलणारा नव्हता. गच्चीवरच्या सौर चुलीत सकाळी लावलेला भात संध्याकाळी कोमट झाला होता. मडक्यांचा एसी केला, त्यात डासांनी बाळंतपणं उरकली. ह्या दोन्ही वस्तू शेवटी गच्चीवरून दोराने खाली सोडाव्या लागल्या होत्या, त्यामुळे अटीत दोर कुठून आला हे विचारण्याची सोय नव्हती.

पण जीपची गोष्ट वेगळी होती हो. टिपणीस उरणला बंदराजवळ एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कामाला. उभी हयात त्यांनी दुसऱ्यांच्या मालाचे कागद तयार करून तो माल साता समुद्रापार पाठवला, आणि स्वतः मात्र रोज कंपनीच्या बसने पनवेल ते उरण आणि उरण ते पनवेल एवढंच हिंडले. खिडकीतून माथेरानचा डोंगर दिसायचा. तिथे रस्ता नसलेल्या रस्त्याने जावं, पठारावर डबा उघडावा, ही त्यांची इच्छा कंपनीच्या बसमध्येच म्हातारी होत चालली होती. ही जीप गेली असती तर ह्या माणसाने पुन्हा कशालाही हात लावला नसता. एवढं सगळं त्या अटीत अडकलेलं होतं.

आता रस्ता नसलेल्या रस्त्यावर जायचं तर गाडी तयार पाहिजे. टिपणीसांनी मोबाईलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. एक दाढीवाला ऑस्ट्रेलियन गृहस्थ रोज जीपला काहीतरी नवीन लावायचा आणि नदीत घालायचा. अडचण एकच, त्याच्या एका दिव्याच्या किमतीत टिपणीसांची अख्खी जीप आली असती. पण मध्यमवर्गीय माणसाला कुठलीही वस्तू दाखवा, ती घरात आधीच पडून असलेल्या कशापासून बनेल हे त्याला पहिल्यांदा दिसतं. ही दृष्टी शाळेत शिकवत नाहीत, ती आईच्या दुधातून येते.

टपावर सामान ठेवायला कॅरिअर पाहिजे, तर माळ्यावरची लोखंडी फोल्डिंगची खाट होती. तिचे पाय कापले आणि कॅरिअर झालं. पुढच्या बाजूला भक्कम लोखंडी बंपर पाहिजे, तर गॅलरीचं जुनं ग्रील होतं. त्याच्या मधोमध कमळाची नक्षी असल्यामुळे जीप समोरून एखाद्या जुन्या पतपेढीच्या खिडकीसारखी दिसू लागली, पण दणकट झाली. चिखलात चाक रुतलं तर खाली घालायला परदेशात खास फळ्या मिळतात. टिपणीसांनी त्यासाठी सोसायटीतल्या बंद घरांच्या दारांसमोरची काथ्याची पायपुसणी, मालकांच्या भाचेपुतण्यांची रीतसर परवानगी काढून, गोळा केली. जोडकाम तेवढं अंकुश वेल्डरकडून करून घेतलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की वेल्डिंग त्याचं, पण नाव सांगायचं नाही.

मग जीप उंच केली. स्प्रिंगांच्या खाली लोखंडी ठोकळे घातले आणि ती चांगली वीतभर वर आली. पोटाखालून मांजर ताठ मानेने जाऊ लागलं. आत चढायला मात्र आता माणूस तरुण तरी पाहिजे, नाही तर बिनसाडीचा. शशिकलाबाई ह्यातल्या काहीच नसल्यामुळे स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल जीपच्या सरंजामात दाखल झालं.

राहता राहिली सोंड. खोल पाण्यातून जाताना इंजिनाच्या नाकात पाणी जाऊ नये म्हणून एक नळी बॉनेटच्या बाजूने टपापर्यंत उभी करतात, इंजिन तिच्यातून वरची हवा ओढतं. तिला इंग्रजीत स्नॉर्केल म्हणतात. सोसायटीत पहिल्याच दिवसापासून तिला सोंड म्हणू लागले. बाथरूमच्या दुरुस्तीतला सांडपाण्याचा जाड पाईप उरला होता. टिपणीसांनी तो बसवला, खालच्या टोकाला मच्छरदाणीची जाळी लावली आणि वरचं तोंड व्हिडिओत असतं तसं पुढे वळवलं.

इथे खानोलकर आले. तिसऱ्या मजल्यावरच्या खानोलकरांकडे कोरी करकरीत, पांढरी, चारही चाकांना ताकद मिळणारी मोठी गाडी आहे. तिने आजवर पाहिलेला सगळ्यात अवघड चढ म्हणजे मॉलचं पार्किंग. पण गाडी मोठी असली की मालकाच्या मताला वजन येतं. त्यांनी सोंडेकडे बराच वेळ बघून निकाल दिला की तोंड पुढे असेल तर आत किडे जातील, ते आभाळाकडे पाहिजे, आणि रुंद पाहिजे, हवा कशी मोकळी उतरली पाहिजे. पावसाचं काय, असं टिपणीसांनी विचारलं. त्यावर खानोलकर म्हणाले की पाऊस आला तर वर ताट झाकायचं.

टिपणीसांना ते पटलं. का पटलं हे त्यांना नंतर कधीही सांगता आलं नाही. त्यांनी तोंड वर वळवलं आणि रुंदीसाठी गॅलरीतली प्लास्टिकची रिकामी कुंडी बूड कापून त्यावर बसवली. कुंडी तुळशीची होती, म्हणजे वृंदावनाच्या घाटाची, चारी अंगांनी कोनाडे असलेली. रंग मारायचा म्हटल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी समेळ यांनी मोठ्या मनाने उरलेला डबा दिला. तो गेटजवळच्या मारुतीच्या देवळीला लावलेला शेंदरी ऑइलपेंट होता. फुकटच्या रंगाला रंग बघू नये. टिपणीसांनी दोन हात मारले.

इतकं सगळं चाललेलं असताना शशिकलाबाई एकदाही खाली आल्या नाहीत. जीपकडे बघायचंच नाही असं त्यांनी ठरवलं होतं आणि त्या ठरवलेलं पाळतात.

मग नवरात्र आलं आणि सोसायटीची देवी दरवर्षीप्रमाणे खालच्या पार्किंगमध्ये बसायची झाली. समेळांनी टिपणीसांना बोलावून घेतलं. जीप देवीच्या जागेला अगदी लागून होती. ती हलवायला सांगतील म्हणून टिपणीस मनाची तयारी करून गेले, तर समेळांनी वेगळंच काढलं. मंडपवाल्याला ते खाटेचं कॅरिअर भारी आवडलं होतं. बांबू रोवायला फरशी फोडावी लागते, त्यापेक्षा एक बाजू जीपलाच बांधली तर काम सोपं होतं. अट एवढीच की दसऱ्यापर्यंत जीप जागची हलता कामा नये, आणि तिचं ते ध्यान देवीशेजारी दिसायला नको म्हणून तिच्यावरून मंडपाचं कापड घ्यायचं. तसं लेखी पत्रही समेळांनी दिलं. 'ध्यान' हा शब्द त्यात होता.

टिपणीसांना तो शब्द लागला. पण आपल्या जीपचा देवीच्या मंडपाला टेकू आहे, ही भावनाही काही कमी नव्हती. मंडप उभा राहिला. लाल-पिवळं कापड जीपवरून असं घेतलं की आत गाडी आहे हे सांगूनही खरं वाटू नये. फक्त सोंड तेवढी कापडातून बाहेर आली होती, कारण ती झाकायला कापड पुरलं नाही. देवीचं लाकडी स्टेज जीपला चिकटूनच होतं. स्टेजवर चढून आरती करणाऱ्याच्या हाताशी ते शेंदरी वृंदावन बरोबर येत होतं.

आता पनवेलच्या त्या सोसायटीतलीच गोष्ट कशाला, आपल्याकडे कुठेही देवाला वाहिलेलं फूल कचऱ्याच्या डब्यात टाकायला माणसाचा हात होत नाही. शिळी फुलं घेऊन माणूस चांगली जागा शोधत हिंडतो. नदीवर बोर्ड लागलेत, झाडाखाली टाकावं तर वॉचमन बघतो, म्हणून नगरपालिका आणि सोसायट्या निर्माल्यासाठी कलश ठेवतात. हे सगळ्यांना माहीत होतं. टिपणीसांनाही माहीत होतं. पण ते सकाळी बस पकडायला निघत आणि संध्याकाळी आरतीच्या गर्दीत परत येत, तेव्हा त्यांना दिसायचं ते एवढंच की लोक स्टेजवर चढतात, देवीला नमस्कार करतात आणि मग टाचा उंचावून सोंडेशी काहीतरी करून तिलाही हात जोडतात. टिपणीसांचा ऊर भरून आला. ज्या गाडीला समेळांनी ध्यान म्हटलं तिला लोक हात जोडत होते. त्यांनी शशिकलाबाईंना हे सांगितलंही. त्या भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या की हो, सोय चांगली केली आहे. बायको आपल्या कामाला चांगलं म्हणाली, हे ऐकून टिपणीसांना त्या रात्री लवकर झोप आली नाही.

दसऱ्याला मंडप उतरला. जीपला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि येणारा रविवार आला.

शशिकलाबाई डबा, पाण्याच्या बाटल्या आणि स्टूल घेऊन खाली आल्या. जीपसमोर येऊन त्या थांबल्या. त्यांनी सोंडेकडे पाहिलं, खालून वरपर्यंत आणि परत वरून खालपर्यंत. चेहरा असा झाला की काहीतरी विचारणार, पण विचारलं नाही. स्टुलावरून आत चढल्या, स्टूल ओढून मांडीवर घेतलं आणि समोर बघत बसल्या. टिपणीसांना वाटलं, राग आहे. बोलायला जाऊ नये.

जीपने आढेवेढे घेत घेत एकदाची सुरुवात केली आणि मागून काळा धूर सोडला. खानोलकर गेटपाशी पेपर घेऊन उभे होते. त्यांनी पेपरने नाक झाकलं आणि म्हणाले की डिझेलमध्ये भेसळ असणार. समेळांनी जाता जाता आठवण करून दिली की रात्री दहानंतर गेट बंद होतं, ओढून आणणाऱ्या गाडीची वेगळी नोंद करावी लागेल. म्हणजे अट सगळ्या सोसायटीला माहीत होती. टिपणीसांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

पनवेल सोडायच्या आधीच वाहतूक पोलिसाने हात केला. हवालदार वयस्कर, शांत, कंटाळलेला होता. त्याने जीपला एक प्रदक्षिणा घातली आणि कमळाच्या ग्रीलपाशी थांबला. पुढे असलं लोखंड लावायला कायद्याने बंदी आहे, हे त्याने इतक्या सौम्यपणे सांगितलं की टिपणीसांना भांडताही येईना. काढा म्हणाला. मग भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, जमिनीवर बसून, पान्याने एकेक नट सोडवत टिपणीसांनी ते ग्रील काढलं आणि टपावरच्या खाटेवर बांधलं. बसमधले लोक बघत होते. त्यात कंपनीची बस नव्हती, रविवार होता म्हणून वाचले.

हवालदार मग सोंडेकडे वळला. वर बघून त्याने टोपी जरा सारखी केली.

"हे देवाचं आहे का?"

टिपणीसांच्या डोक्यात भराभर हिशेब झाला. नाही म्हणावं तर सोंडही उतरवावी लागणार. हो म्हणावं तर देवाच्या नावाने खोटं. माणूस अशा वेळी जे करतो तेच त्यांनी केलं. ते हो म्हणाले. हवालदाराने सोंडेला हात लावून नमस्कार केला आणि जायला सांगितलं. शशिकलाबाई तेवढा वेळ पलीकडच्या बाजूला, जिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं, तिथे टक लावून बघत होत्या.

नेरं गाव मागे पडलं. पुढे डांबर संपलं, भाताची पिवळी खाचरं लागली आणि डोंगर जवळ आला. खरं तर टिपणीसांनी आता सुखी व्हायचं होतं. पण जीपला दम लागत होता. चढावर ती धापा टाकायची, धूर ओकायची, आणि पायी चाललेल्या बाया तिला मागे टाकून पुढे जाऊन वळून बघायच्या. टिपणीस गिअर बदलत होते आणि तोंडाने काहीबाही कारणं सांगत होते. जुनं इंजिन आहे, तापायला वेळ लागतो. मग म्हणाले, तापलंय, गार व्हायला वेळ लागतो. शशिकलाबाईंनी दोन्हीला हूं केलं.

पठाराच्या अलीकडे एक ओढा आडवा जातो आणि खाली गाढी नदीला मिळतो. पाणी गुडघ्याला लागेल न लागेल एवढं. सोंडेचा, सगळ्या खटाटोपाचा खरा क्षण हाच होता. टिपणीसांनी स्टेअरिंग घट्ट धरलं आणि जीप पाण्यात घातली. मधोमध गेल्यावर तिने एक मोठी उचकी दिली आणि ती बंद पडली.

त्यांनी किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. शास्त्र असं सांगतं की थोडं थांबावं. पण ज्याची जीप भंगारात जायची असते तो शास्त्राचं ऐकत नाही. फिरवता फिरवता बॅटरीचा आवाज क्षीण होत गेला आणि शेवटी नुसता टिक असा आवाज उरला. चाकं तोवर गाळात बसली होती. टिपणीस पाण्यात उतरले, पायपुसणी घातली. गाळाने ती एकामागून एक गिळली. शेवटच्या पायपुसण्यावर 'सुस्वागतम' लिहिलेलं होतं, ते जरा वेळ दिसत राहिलं.

काठावर माणसं जमली. जवळच ठाकरांची वाडी होती. तिथला म्हातारा बुधाजी आणि गवताचा भारा टेकवून उभी राहिलेली त्याची बायको साळू, आणि आणखी दोन बाया. बुधाजीने दोन्ही हात कमरेवर ठेवून पाहणी केली आणि सांगितलं की चाकाखाली दगड घालावेत. दगड घातले, ते गडगडून खाली गेले. मग त्याचं मत पडलं की गाडीला वजन कमी पडतंय, वर चार माणसं बसवावीत. साळू त्यावर एवढी हसली की भारा आडवा झाला. सल्ला देण्याच्या बाबतीत माणसा-माणसात भेद नसतो, एवढं टिपणीसांना त्या दिवशी कळलं. खानोलकर इथेही भेटले म्हणायचे.

टिपणीसांनी बॉनेट उघडलं. आत सगळं जागच्या जागी होतं, म्हणजे त्यांना जेवढं ओळखता येत होतं तेवढं. ते त्यात डोकं घालून उभे असताना मागे डुबुक असा आवाज आला. शशिकलाबाईंनी स्टूल ओढ्यात टाकलं होतं. साडी खोचून त्या त्यावर चढल्या, सोंडेच्या तोंडापर्यंत पोचल्या आणि त्यांनी आत हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. बाहेर आला तेव्हा मुठीत झेंडूच्या फुलांचा काळपट लगदा होता.

टिपणीस बघतच राहिले. त्या काढत होत्या आणि खाली ओंजळीत घ्यायला साळू पुढे झाली होती. झेंडू, शेवंती, बेलाची पानं, दुर्वांच्या जुड्या, दोन सुपाऱ्या, वाळून सुतळी झालेला एक गजरा, कुणाची तरी कापसाची वस्त्रं. नऊ दिवसांची सगळ्या सोसायटीची भक्ती त्या पाईपात ठासून भरली होती आणि इंजिन बिचारं तिच्यातून श्वास घेत पनवेलपासून इथवर आलं होतं. शेवटी शशिकलाबाईंच्या हाताला एक वेटोळं लागलं. निळी गोकर्णीची फुलं, पांढऱ्या दोऱ्यात दाट ओवलेली. मग तसलंच आणखी एक. मग आणखी एक.

अख्ख्या सोसायटीत गोकर्णीचा वेल एकच आहे. तो टिपणीसांच्या गॅलरीत आहे.

शशिकलाबाई स्टुलावर तशाच उभ्या राहिल्या. ओढ्याचं पाणी स्टुलाच्या पायांशी खळखळत होतं.

"मला वाटलं, समेळांनी निर्माल्याची सोय केलीय," त्या म्हणाल्या. "सकाळी खाली आले तेव्हा कळलं की हा पाईप गाडीचा आहे. मनात म्हटलं, तुम्ही साफ केलाच असेल. विचारीन विचारीन म्हणत इथवर आले."

टिपणीसांना राग यायला हवा होता. अशी संधी नवऱ्याला लग्नाच्या आयुष्यात सहसा येत नाही. पण त्यांना एवढं हायसं वाटलं की राग यायला जागाच उरली नाही. गाडीत खोट नव्हती. जोडकामात खोट नव्हती. त्यांच्या हातात खोट नव्हती. त्यांनी बायकोला हात देऊन खाली उतरवलं, दोघांनी मिळून पाईपाचं बूड सोडवून जाळी धुतली, आणि सगळं निर्माल्य साळूने काठावरच्या आंब्याच्या मुळाशी नेऊन ठेवलं. तिनेही ठेवताना हात जोडले.

पण बॅटरी उतरलेली ती उतरलेलीच. आता गाडी हलवून, पळवून सुरू करायची, दुसरा इलाज नव्हता. बुधाजीच्या डोळ्यांत चमक आली. इतका वेळ तो ह्याचीच वाट बघत असावा.

"दोर हाय ना सायेब. बैल पन जवलच हायेत. आमी अस्या लय गारया ओढल्या."

टिपणीसांनी त्या जीपकडे पाहिलं. खाटेवर बांधलेलं कमळ, चिखलात बसलेली चाकं, शेंदरी सोंड. मग ते बायकोकडे न बघता हळूच म्हणाले, की आण बाबा. अट ती अट. ऊन कलत होतं, बाईमाणूस ओल्या साडीत उभं होतं, आणि रात्र ओढ्यात काढण्यात काही शहाणपणा नव्हता. ऑफिसात एखादा कागद फेटाळला गेला की ते ज्या आवाजात 'बरं' म्हणत, त्याच आवाजात ते हे बोलले.

बुधाजी वळला.

"दोर नको," शशिकलाबाई म्हणाल्या.

बुधाजीला वाटलं, बाईंना बैलांची भीती आहे. बैल गरीब आहेत, असं तो सांगू लागला. शशिकलाबाईंनी पदर कमरेला घट्ट खोचला, पाण्यातून चालत जीपच्या मागे गेल्या आणि मागच्या फळीला दोन्ही हात लावले.

"दोराने जायची नाही ती. तुम्ही आत बसा. आम्ही ढकलतो."

 टिपणीस आत जाऊन बसले. साळूने भारा सोडला आणि ती शशिकलाबाईंच्या शेजारी आली, दुसऱ्या दोघी आल्या, आणि बायका लागल्या म्हटल्यावर बुधाजीला उभं राहणं बरं दिसेना म्हणून तोही आला. पहिल्यांदा जीप नुसती हलली. दुसऱ्यांदा चाकं गाळातून सुटली, पण इंजिन खोकून गप्प बसलं. मागून साळूने काहीतरी म्हटलं आणि सगळ्या बाया हसल्या. ते टिपणीसांबद्दल होतं यात शंका नव्हती. तिसऱ्यांदा जीप भरभर घरंगळली, टिपणीसांनी क्लच सोडला, आणि इंजिनाने छाती भरून श्वास घेतला. जीप विकत घेतल्यापासून तिने असा आवाज कधी काढला नव्हता. एका उडीत ती काठावर चढली.

हातांखालचा आधार एकदम गेल्यामुळे मागे शशिकलाबाई ओढ्यात गुडघ्यांवर बसल्या. टिपणीसांनी आरशात ते पाहिलं. थांबावं असं त्यांना फार वाटलं. पण थांबलं आणि इंजिन बंद पडलं तर? म्हणून ते ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून, मान बाहेर काढून, लागलं का लागलं का असं विचारत तिथेच गुरगुरत राहिले. शशिकलाबाई चिखलाने माखलेल्या, एका हातात स्टूल घेऊन, काठ चढून आल्या. त्या हसत होत्या. लग्नाच्या अल्बममध्ये आहे तसलं हसू त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं.

डबा त्यांनी पठारावर खाल्ला. इंजिन बंद केलं नाही, त्यामुळे धपाटी डिझेलच्या आवाजात खाल्ली, पण खाल्ली. बुधाजी आणि साळूही पाठीमागे बसून वर आले होते. खालती पनवेल दिसत होतं, दूर उरणकडची खाडी चमकत होती. रोज बसमधून ज्या डोंगराकडे बघायचं त्याच्यावरून आज बसचा रस्ता दिसत होता. शशिकलाबाईंनी टिपणीसांच्या ताटलीत न विचारता आणखी एक धपाटं ठेवलं.

परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. गेटपाशी समेळ उभे होते, खानोलकर उभे होते, आणखीही बरेच जण सहज म्हणून फिरायला उतरले होते. सगळ्यांचं लक्ष जीपच्या पुढे होतं. ओढणारी गाडी कुठे आहे ते शोधत होते. ती नव्हती. जीप घसा साफ करत आत आली आणि आपल्या जागेवर उभी राहिली. खानोलकरांनी चिखल पाहिला, शशिकलाबाईंची साडी पाहिली, आणि म्हणाले की त्यांनी आधीच सांगितलं होतं, तोंड वर असल्याचा फायदा होतो.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या समृद्धीताई पुढे आल्या. त्यांच्या हातात पिशवी होती, तिच्यातून दसऱ्याच्या तोरणातली वाळलेली आंब्याची पानं दिसत होती. त्या दुपारपासून खेपा घालत होत्या आणि चांगल्याच चिडल्या होत्या. सोसायटीचा निर्माल्याचा कलश कुणी आपल्या सहलीला घेऊन जातं का, निदान नोटीस तरी लावायची, असं त्यांनी समेळांना सुनावलं. समेळांनी टिपणीसांकडे पाहिलं.  समृद्धीताईंनी पिशवी उघडली आणि मूठभर पानं घेऊन सोंडेच्या दिशेने हात उंच केला.

शशिकलाबाई स्टुलावरून खाली उतरत होत्या. त्या तिथेच, त्या स्टुलावर थांबल्या आणि त्यांनी आपला चिखलाचा पंजा सोंडेच्या तोंडावर सपाट ठेवला.

"समृद्धीताई, यात काही टाकायचं नाही," त्या म्हणाल्या. "गाडी आहे ही. आमची."